विंचवाचा दंश आणि संशोधनाचे माप

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत राहणाऱ्यांना विंचवाची ओळख करून द्यायला नको. कडब्याची गंजी, रचून ठेवलेल्या विटा, जळणाची लाकडे, शेताच्या बांधावरचे दगड, कोठेही हात घालताना आपण आधी नीट पाहतो. मोठ्या काळ्या विंचवाला, म्हणजे इंगळीला, सगळेच घाबरतात. परंतु खरा घातक असतो तो तिच्याहून लहान असा लाल विंचू. तो चावला की काही वेळा केवळ वेदना होऊन भागत नाही. काही तासांत रोग्याचे हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साठते आणि प्राणावर बेतते. लहान मुलांना हा धोका अधिक.

या लाल विंचवावर एका ग्रामीण डॉक्टराने केलेले संशोधन जगभर गेले. ते कसे गेले आणि अशा संशोधनाची किंमत कशी मोजतात, हे आज आपण पाहू. शेवटी सारा मामला मोजण्याचाच आहे. मोजमापाविषयी बोलणे हा आम्हा भौतिकी शिकवणाऱ्यांचा आवडता उद्योग; तेव्हा वैद्यकाच्या प्रांतात थोडा शिरकाव केला तर रागावू नका.

घाटाखालचे संशोधन

महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट उतरले की पोलादपूर लागते आणि पुढे महाड. महाडजवळ बिरवाडी नावाचे गाव आहे. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात १९५१ साली जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरहून डॉक्टर होऊन १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाचे रोगी वरचेवर येत, आणि त्यांतले काही डोळ्यांदेखत दगावत. कोणता उपचार करावा हे त्या काळी नक्की ठरलेले नव्हते. गंभीर दंश झालेल्या दर शंभर रोग्यांत पंचवीस ते तीस जण मरण पावत.

डॉ. बावस्करांनी काय केले? ते रोग्याच्या खाटेजवळ बसून राहिले आणि लिहीत गेले. दंश किती वाजता झाला, उलटी केव्हा झाली, घाम किती आला, हातपाय गार केव्हा पडले, नाडी काय, रक्तदाब काय. प्रयोगशाळा नव्हती, पण घड्याळ, रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप आणि वही होती. अशा अनेक रोग्यांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्यावर त्यांना एक क्रम दिसू लागला. उलटी, भरपूर घाम आणि गार पडलेले हातपाय ही लक्षणे आधी येतात. हृदयाचा त्रास त्यामागून येतो. म्हणजे सुरुवातीची लक्षणे ओळखली तर पुढचे संकट आधीच कळते. हे निरीक्षण त्यांनी ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाकडे पाठविले, आणि १९८२ साली ते तेथे छापून आले. निबंध अवघा तीन पानांचा.

आता विष काय करते ते पाहू. आपल्या मज्जातंतूंतून संदेश जातो तो सोडियमचे आयन तंतूच्या आत शिरल्यामुळे. ते शिरण्यासाठी तंतूच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. क्षणभर उघडतात आणि मिटतात. विंचवाचे विष ही दारे मिटू देत नाही. परिणामी मज्जातंतू सारखे संदेश पाठवीत राहतात आणि शरीरात ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन या द्रव्यांचा अक्षरशः पूर येतो. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील ‘आल्फा’ ग्राहींना जाऊन चिकटतात आणि वाहिन्या आवळल्या जातात.

आवळल्या गेल्याने एवढे काय बिघडते? येथे थोडी भौतिकी. नळीतून द्रव वाहताना होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा प्वाझेयचा नियम. त्रिज्या निम्मी झाली तर विरोध दुप्पट नव्हे, सोळापट होतो. त्रिज्या केवळ दहा टक्क्यांनी कमी झाली तरी विरोध सुमारे दीडपट होतो, ०.९ चा चौथा घात काढून स्वतः पडताळा पाहा. रक्तवाहिनी म्हणजे काही काचेची सरळ नळी नव्हे, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाचे तोंड कोणी दाबून धरले तर मोटारीची जी अवस्था होईल, तीच हृदयाची होते. पुढे रक्त ढकलता येत नाही, ते मागे फुप्फुसांकडे तुंबते आणि तेथे पाणी झिरपू लागते.

उपाय यातूनच सुचतो. वाहिन्या सैल करा. उच्च रक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिन नावाची एक गोळी होती. ती नेमक्या त्याच आल्फा ग्राहींचा मार्ग अडविते. गोळी स्वस्त, तोंडाने घेण्याची, खेड्यातल्या दवाखान्यातही ठेवता येण्यासारखी. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिचा वापर केला आणि त्याचा वृत्तान्त १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये दिला. या वेळी पाने दोनच. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आल्याचे बावस्कर दांपत्याने पुढे नोंदविले आहे.

छापायचे कशाला?

तुमच्यापैकी एखादा विचारील, रोगी बरे होत होते ना, मग निबंध लिहून लंडनला पाठविण्याची यातायात कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण असे पाहा. महाडचा डॉक्टर आपल्या दवाखान्यात येईल तेवढ्याच रोग्यांना वाचवू शकतो. विंचू मात्र इस्रायलमध्ये आहेत, ट्युनिसियात आहेत, मेक्सिकोत आणि ब्राझीलमध्येही आहेत. इतके लांब कशाला, जत-आटपाडीच्या माळावरही आहेत. तेथील डॉक्टरांपर्यंत ही गोष्ट पोहोचणार कशी? छापल्यावरच.

शिवाय छापण्यापूर्वी निबंध तपासला जातो. संपादक तो त्याच विषयातील अन्य तज्ज्ञांकडे पाठवितात. ते आक्षेप काढतात, अधिक माहिती मागतात, कधी साभार परत करतात. ‘लॅन्सेट’ १८२३ सालापासून निघत आहे आणि त्याच्याकडे येणाऱ्या निबंधांपैकी बहुतेक परत जातात. ही तपासणी अगदी निर्दोष असते असे नव्हे. चुकीचे निबंधही तिच्यातून सुटतात, चांगले अडकतात. पण तिच्यावाचून केलेल्या दाव्यापेक्षा तिच्यातून गेलेला दावा अधिक विश्वासार्ह ठरतो.

निबंधाच्या शेवटी एक यादी असते. मी ज्यांच्या कामाचा आधार घेतला, ज्यांच्या मताला उत्तर दिले, त्यांचे निबंध अमुक अमुक, अशी ती यादी. तिच्यातील प्रत्येक नोंद म्हणजे एक संदर्भोल्लेख. विहिरीचे पाणी कोणाच्या पाटातून आले हे सांगण्याची ही शास्त्रज्ञांची रीत आहे.

यादी उलटी वाचली तर

ही यादी नेहमी मागे पाहते. १९८६ चा निबंध १९८२ च्या निबंधाचे नाव घेऊ शकतो; १९८२ च्या निबंधाला १९८६ मध्ये काय होणार हे ठाऊक नसते. मग एखाद्या जुन्या निबंधाचे पुढे काय झाले, तो कोणी कोणी वापरला, हे शोधायचे कसे?

यूजीन गारफील्ड या अमेरिकन ग्रंथालय-शास्त्रज्ञाने १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर तोडगा मांडला. गंमत अशी की कल्पनेचे मूळ विज्ञानात नव्हते, वकिलीत होते. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड’च्या सूची निघत. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, तो उचलून धरला की फेटाळला, हे त्यांत असे. हाच न्याय गारफील्डने शास्त्रीय निबंधांना लावला. हजारो निबंधांच्या शेवटच्या याद्या गोळा करायच्या आणि त्या उलट्या लावायच्या. त्याने फिलाडेल्फियाला संस्था काढली आणि १९६४ साली विज्ञानातील संदर्भोल्लेखांची पहिली मोठी सूची प्रसिद्ध केली. आज हेच काम संगणकावर होते. ‘वेब ऑफ सायन्स’, ‘स्कोपस’, ‘गूगल स्कॉलर’ ही त्यांतली प्रमुख नावे. प्रत्येकाची नियतकालिकांची यादी वेगळी, त्यामुळे एकाच संशोधकाचे तीन ठिकाणी तीन आकडे निघतात. मीटरपट्टी कोणती वापरली हे सांगितल्याशिवाय लांबी सांगू नये, हा प्रयोगवहीतला नियम येथेही लागू आहे.

गारफील्डला ही सूची हवी होती ती शोध घेण्यासाठी. पण एकदा आकडे हाती आल्यावर माणूस तुलना केल्यावाचून राहतो थोडाच!

तुलना करताना पहिलाच धक्का बसतो. आजवर सर्वाधिक उल्लेख कोणत्या निबंधाचे झाले असतील? सापेक्षतावाद? डीएनएची रचना? नव्हे. तो मान ऑलिव्हर लाउरी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या १९५१ सालच्या निबंधाचा. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याची एक पद्धत त्यात आहे, एवढेच. २०१४ साली त्याचे उल्लेख तीन लाखांवर गेले होते. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरील निबंध त्या वेळी पहिल्या शंभरांतही नव्हता. आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फिस्के यांच्याबरोबर १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची पद्धत दिली. तिचेही हजारो उल्लेख आहेत. पद्धत ही पाट्या-वरवंट्यासारखी असते, प्रत्येक स्वयंपाकात लागते. म्हणून तिचे नाव वारंवार येते. तेवढ्यावरून ती पक्वान्नापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही, आणि हलकीही ठरत नाही.

एच-निर्देशांक

समजा, दोन संशोधक आहेत. पहिल्याचे सात निबंध. त्यांचे उल्लेख ५०, १८, ९, ६, ५, २ आणि ०. दुसऱ्याचे चार निबंध. उल्लेख ८५, ३, १ आणि १. बेरीज करा. दोघांचेही ९०. मग दोघे सारखे का?

२००५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील होर्हे हिर्श याने एक युक्ती सुचविली. (हा गृहस्थ भौतिकीचा, हे नमूद करण्याचा मोह मला आवरत नाही.) निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावा आणि मोजत खाली या. ज्या क्रमांकापर्यंत उल्लेखांची संख्या त्या क्रमांकाइतकी किंवा अधिक आहे, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच-निर्देशांक. पहिल्या संशोधकाचा पाचवा निबंध पाहा. त्याला ५ उल्लेख आहेत. सहाव्याला मात्र २ च. म्हणून एच ५. दुसऱ्याच्या दुसऱ्या निबंधाला ३ उल्लेख, तिसऱ्याला १. म्हणून एच २.

अशी कल्पना आधीही एकाला सुचली होती, पण सायकलसाठी. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन सायकलचा शौकीन. तो आपला एक आकडा जपून ठेवी. किमान इतके मैल प्रवास इतक्या दिवशी केला, अशी सर्वांत मोठी संख्या. १९४४ साली तो वारला तेव्हा ती ८४ होती, म्हणजे ८४ वेगवेगळ्या दिवशी त्याने प्रत्येकी किमान ८४ मैल सायकल मारली होती. सातारा ते सांगली एवढे अंतरही त्याला पुरले नसते! तुमच्यापैकी सायकलवाल्यांनी किलोमीटरमध्ये स्वतःचा आकडा काढून पाहावा. वीसच्या पुढे तो किती हळू सरकतो ते कळेल, आणि एच-निर्देशांक वाढविणे अवघड का, हेही कळेल.

निर्देशांक सुटसुटीत आहे, पण त्याचे दोष लगेच दिसतात. वरच्या उदाहरणातला दुसरा संशोधकच पाहा. त्याचा ८५ उल्लेखांचा निबंध कदाचित एखाद्या रोगावरचा उपाय असेल. निर्देशांकाला त्यातले फक्त २ दिसतात, उरलेले ८३ त्याच्या हिशेबी नाहीतच. निबंध चारच असतील तर एच कधीच चारापलीकडे जाणार नाही. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधी उतरत नाही. त्यामुळे तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी तुलना करणे म्हणजे आठवीतल्या मुलाची उंची त्याच्या वडिलांच्या उंचीशी ताडून पाहणे.

पीटर हिग्जने १९६४ साली लिहिलेल्या निबंधासाठी त्याला २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्याचे दहाही निबंध झाले नाहीत. आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती, असे तो स्वतःच म्हणे.

विषयाचाही प्रश्न आहे. कर्करोगावर काम करणारे लाखो, विंचूदंशावर काम करणारे मूठभर. ज्या वर्गात दहाच मुले आहेत तेथे कोणालाही शंभर मते पडू शकत नाहीत. विंचू चावतो तो शेतमजुराला, अनवाणी फिरणाऱ्या पोराला. श्रीमंत देशांतल्या शहरांत हा रोग नाही, म्हणून संशोधक थोडे, निबंध थोडे आणि उल्लेखही थोडेच. महाडच्या संशोधनाचा आकडा अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञाच्या आकड्याशेजारी ठेवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

उशिरा उगवलेले बीज

काळाचे गणित तर आणखी निराळे. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांचे उदाहरण प्रत्येक विज्ञान-शिक्षकाने वर्गात सांगावे. पटकी, म्हणजे कॉलरा, जंतूंनी सोडलेल्या विषामुळे होतो हे त्यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले. जंतू गाळून काढले आणि उरलेले निर्जंतुक द्रव वापरले, तरी आतड्यात पाणी साठले. मग दोष जंतूंच्या शरीराचा नसून त्यांनी बाहेर टाकलेल्या द्रव्याचा, हे सिद्ध झाले. १९५९ साली ‘नेचर’मध्ये हा निबंध आला आणि पहिली काही वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९६९ साली ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले आणि डे यांच्या कामाचे मोल उमगू लागले. डे १९८५ साली वारले. पुढच्याच वर्षी खुद्द गारफील्डने आपल्या सूचीच्या साहाय्याने कॉलरा-संशोधनाचा नकाशा काढून त्यात डे यांचे स्थान दाखवून दिले. १९६२ साली कोणी डे यांचे ‘माप’ घेतले असते तर काय उत्तर आले असते, याची कल्पना तुम्हीच करा.

आणखी एक आकडा तुमच्या कानावर येईल, तो म्हणजे नियतकालिकाचा प्रभाव-गुणांक. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, तो हा आकडा. समजा, दोन वर्षांत २०० निबंध आले आणि त्यांना यंदा ६०० उल्लेख मिळाले. गुणांक झाला ३. पण त्यातले ३०० उल्लेख तीनच निबंधांचे असतील तर उरलेल्या १९७ निबंधांच्या वाट्याला सरासरी दीडच येतो. वर्गाची सरासरी ७० टक्के आहे म्हणून त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ७० टक्के देऊन टाकणारा मास्तर तुम्ही पाहिला आहे का? संशोधकांच्या नेमणुका-बढत्यांत मात्र असे सर्रास घडत आले. म्हणून २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादक-प्रकाशकांनी, नियतकालिकाच्या गुणांकावरून माणसाची परीक्षा करू नका, असे जाहीरनाम्यातून बजावले. आकड्याला पगार जोडला की आकडा फुगविण्याच्या युक्त्याही निघतात. स्वतःचेच जुने निबंध विनाकारण उद्‌धृत करणे, मित्रांनी परस्परांची नावे घेणे, पैसे भरले की काहीही छापणाऱ्या नियतकालिकांत निबंध देणे. थर्मामीटर चहाच्या कपात बुडविला की ताप चढलेला दिसतोच.

उल्लेख वाचावा लागतो

मग उल्लेख मोजूच नयेत का? मोजावेत, पण पुढे जाऊन ते वाचावेत. उल्लेख अनेक तऱ्हांचे असतात. कोणी आधार घेतो, कोणी सुधारणा करतो, कोणी चूक दाखवितो. सूचीत मात्र प्रत्येकाची किंमत एकच.

विंचवाच्याच बाबतीत पाहा. पुढे मुंबईच्या हाफकिनने विंचवाच्या विषावर प्रतिविषाची लस तयार केली. मग प्रश्न आला की प्राझोसिन पुरे की लसही द्यावी? हा प्रश्न बावस्कर दांपत्याने स्वतःच चाचणीस घेतला. सत्तर रोगी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले पाहिले तर पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात ३२! निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गोळीने आपल्याला जगात नाव दिले, ती एकटी कोठे अपुरी पडते हे त्यांनी स्वतःच मोजून छापले. या निबंधात त्यांच्या जुन्या निबंधांचे उल्लेख आले तर संगणक त्यांना ‘स्वतःचा उल्लेख’ म्हणून बाजूला काढील. वाचणाऱ्याला मात्र ते पुढचे पाऊल दिसेल.

त्यांच्या निबंधांच्या यादीत विंचवाखेरीज पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाचाही अभ्यास आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु एक गोष्ट कोणत्याच सूचीत सापडत नाही. रात्री दोन वाजता एखाद्या आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर घामाने निथळणाऱ्या, हातपाय गार पडलेल्या पोराला प्राझोसिन देतो, तेव्हा तो कोठलाही निबंध लिहीत नाही. त्याने घेतलेला आधार मोजला जात नाही. (मांत्रिकाकडे वेळ न घालविता पोराला तेथवर नेणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.)

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवितो. आपल्या वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा एखादा खंड शाळेच्या ग्रंथालयातून काढा. त्यातील नोंदींत जागोजागी बाणाची खूण करून ‘ही दुसरी नोंद पाहा’ असे सुचविलेले असते. मुलांचे गट पाडा आणि विज्ञानाच्या पन्नास नोंदी वाटून द्या. प्रत्येक नोंद कोणाकोणाकडे बोट दाखविते ते कागदावर लिहायला सांगा. मग तक्ता उलटा करा, म्हणजे कोणत्या नोंदीकडे किती बोटे वळली ते दिसेल. झाली तुमची गारफील्ड-सूची. बहुधा ‘ऊर्जा’, ‘प्रकाश’ अशा नोंदी वर येतील आणि ‘विंचू’ तळाशी राहील. त्यानंतर मुलांना त्या तळच्या नोंदी पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावा, आणि प्रत्येकीखाली लिहायला सांगा की ही माहिती कोणाच्या उपयोगी पडेल.